सातविणीखालची रेषा

सातविणीचा वास आधी नाकाला लागत नाही, कपाळाला लागतो. दिवाळीचे कंदील उतरले की कोपऱ्यावरच्या बागेतलं ते झाड फुलतं आणि दिवेलागणीच्या वेळी तो आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत चढतो. गोड आणि जाड, कुणीतरी वेलदोडे जाळल्यासारखा. शेजारच्या काकू खिडक्या लावून घेतात. आई बामची डबी शोधते. मला त्या वासाने डोकं दुखत नाही. माझी डावी बरगडी दुखते, आणि तोंडात मातीची चव येते.

या वर्षी वास आला त्याच आठवड्यात सोसायटीच्या ग्रुपवर वॉर्ड ऑफिसची सूचना आली. कोपऱ्यावरचं उद्यान दुरुस्तीनंतर नागरिकांसाठी खुलं होत होतं. चालण्याचा मार्ग, खुली व्यायामशाळा, मुलांची खेळणी, अभ्यासिका. जलतरण तलाव पुढील सूचनेपर्यंत बंद. सगळ्यात खाली एक ओळ होती: मैदानी खेळांसाठी मातीची जागा, प्रायोगिक तत्त्वावर.

आधी हात जोडलेली बरीच चित्रं आली. मग कुणीतरी लिहिलं, "म्हणजे परत कबड्डी? परत मारामाऱ्या?" त्यावर दुसऱ्याने, "मागे कुणी तरी एका मुलीचे दात पाडले होते ना?" आणि तिसऱ्याने हसरा चेहरा टाकून, "आपल्याच बी विंगमधले ते."

बी विंगमधले ते माझ्यासमोर चहा पीत होते. बाबांनी मोबाइल टेबलावर पालथा ठेवला. डाव्या भुवईवरची टाक्यांची खूण त्यांनी अंगठ्याने एकदा चोळली, आणि खारी चहात बुडवून विसरले. ती विरघळून गेली.

*

दहावीचं वर्ष होतं. घरी पाहुणे असायचे, म्हणून मी संध्याकाळी बागेतल्या अभ्यासिकेत जायचे. अभ्यासिकेच्या खिडकीखालीच कबड्डीचं मैदान होतं. पुस्तकात त्रिकोणमिती, आणि खिडकीतून धप्प असा आवाज. माणूस मातीवर पडल्याचा आवाज पोतं पडल्यासारखा असतो, फक्त त्याच्या शेवटी एक श्वास असतो. मी तो ऐकायला लागले. मग बघायला लागले. मग एक दिवस खालून एका बाईंनी मान वर करून हाक मारली, "ए पुस्तकवाली. एक पोरगी कमी आसा. खाली ये."

त्या सुलभाताई. कुडाळकडच्या, वडील गिरणीत होते, स्वतः खेळाडूंच्या कोट्यातून विमा कंपनीत लागलेल्या. ऑफिसची साडी बदलून, ट्रॅकपँटवर जुना सदरा चढवून रोज मैदानावर उभ्या राहायच्या. मला खेळता येत नाही, असं मी इंग्रजीत पुटपुटले. घाबरले की माझ्या तोंडून इंग्रजीच येतं. मुली हसल्या. "ए कॉन्व्हेंट," त्यातली एक म्हणाली, "इकडे सॉरी-थँक्यू चालत नाय हां. चप्पल काढ."

ती प्रणाली. रेल्वेलाइनपलीकडच्या चाळीत राहणारी, माझ्याच वयाची, घोटा पकडण्यात अख्ख्या नाहूरमध्ये नाव असलेली. पहिल्याच दिवशी तिने माझा घोटा धरून मला अशी पाडली की माझी हनुवटी मातीत रुतली आणि दातांखाली जीभ आली. रक्त गिळताना मला वाटलं, आता कुणीतरी धावत येईल. कुणी आलं नाही. सुलभाताई कमरेवर हात ठेवून उभ्या. "उठ गो. रडतंस कित्याक? माती ती. खाणार नाय तुका."

मी उठले. मला अजून सांगता येत नाही की तेव्हा काय झालं. एवढंच आठवतं, की मला परत पडायचं होतं.

आमच्या शाळेत दिवसभर सगळे एकमेकांना सॉरी म्हणायचे. बाकाला धक्का लागला, सॉरी. पेन पडलं, सॉरी. आणि मधल्या सुट्टीत त्याच मुली, हळू आवाजात, हसत हसत, एखादीला अशी सोलायच्या की ती आठवडाभर डबा एकटी खायची. मी बरेच डबे एकटीने खाल्ले आहेत. म्हणून असेल, मैदानावर मला हायसं वाटलं. इथे कुणाला मला पाडायचं असेल तर ती समोर उभी राहायची, गुडघे वाकवायची, डोळ्यांत बघायची आणि पाडायची. कोपर लागायचं. नखं लागायची. सातजणींचा घाम माझ्या अंगावर वाळायचा. आणि खेळ संपला की तीच नखं माझ्या केसांतली माती काढायची.

*

मोसमाची सुरुवात खेळाने व्हायची नाही, चाळणीने व्हायची. पावसाळ्यात मैदान दगडासारखं बसलेलं असायचं. ते खणून, ढेकळं फोडून, सगळी माती चाळून परत पसरायची, पाणी मारायचं, मगच रेषा. आणि माती खेळणारीनेच चाळायची, हा सुलभाताईंचा नियम. नोकरीवाली असो, परीक्षावाली असो. "मातयेक आधी हात, मगे पाय," त्या म्हणायच्या. बागेत काय काय सापडतं ते चाळणीला विचारावं. बाटल्यांच्या काचा, खिळे, लादीचे तुकडे, एकदा तुटलेलं ब्लेड. ज्या मुलीच्या चाळणीतून खडा निसटला, तो तिच्याच गुडघ्यात जातो, असं सगळ्या मानायच्या. प्रणाली मानायची नाही, पण दोनदा चाळायची.

सातविण मैदानाच्या अगदी कडेला होती. तिची हिरवट-पांढरी फुलं चाळलेल्या मातीवर गळायची, आणि पहिल्या आठवड्यात जी पडेल तिच्या कपड्यांना तो वास लागायचा. घरी गेल्यावर आई माझा टी-शर्ट दोन बोटांनी धरायची. मग आंबेहळद उगाळायची. दंडावर चार बोटांचे निळे वळ, मांडीवर जांभळा चट्टा, पाठीवर ओरखडे. लेप लावताना वळ जितका मोठा तितका तिचा हात जड पडायचा.

बाबांना हे माहीत होतं का? कबड्डी खेळते हे माहीत होतं. कबड्डी म्हणजे काय, हे नव्हतं. बाबा ड्राफ्ट्समन. इमारतींचे नकाशे काढणारे. रेषा म्हणजे त्यांच्या लेखी कागदावरची गोष्ट. ते सकाळी त्याच बागेत चालायला जायचे, तेव्हा मैदान रिकामं असायचं, आणि त्यांना ते चौकोन, त्या चुन्याच्या फकीच्या रेषा आवडायच्या. "छान आखतात हो," म्हणायचे.

*

शाळेत हिवाळी गणवेशाला पूर्ण बाह्या नव्हत्या. दंडावरचे वळ बघून समुपदेशक मॅडमनी मला खोलीत बोलावलं, दार लावलं, पाण्याचा ग्लास पुढे केला. घरी सगळं ठीक आहे ना, असं त्यांनी फार मऊ इंग्रजीत विचारलं. मी म्हटलं, "कबड्डी." त्या हसल्या. "तू?" त्या म्हणाल्या. मी, जिने तीन वर्षांत वर्गात हात वर केला नव्हता. मी परत म्हटलं, कबड्डी. त्यांनी मान हलवली. आणि त्या मऊ आवाजात म्हणाल्या की मुलं बऱ्याचदा वडिलांना वाचवतात.

दुसऱ्या दिवशी बाबांना बोलावणं आलं.

ते परत आले तेव्हा बूट न काढता सोफ्यावर बसले. आमच्या घरात बूट दाराबाहेर राहतात. आई स्वयंपाकघरातून आली आणि त्यांच्या पायांकडे बघत राहिली.

"मी तुला मारतो का गं?" बाबांनी विचारलं.

"नाही."

"त्या बाई मला विचारत होत्या. राग आल्यावर मी काय करतो." ते स्वतःच्या तळहातांकडे बघत होते. "मला सांगताच येईना. राग आल्यावर मी काय करतो?"

"पंखा बंद करता," आई म्हणाली.

कुणी हसलं नाही. बाबा म्हणाले, "उद्या येतो. बघतो काय खेळता ते."

*

त्या संध्याकाळी सुलभाताई स्पर्धेसाठी संघ निवडणार होत्या. आम्ही चौदाजणी, दोन बाजू. सहा नावं नक्की होती. सातवं माझं किंवा दुसऱ्या एकीचं. शेवटची चढाई त्यांनी मला दिली. "दम धरून जा. नुसता शिवून येवचा नाय. चार काढ."

कबड्डी ठाऊक नसलेल्यांसाठी एवढंच: चढाईला गेलेलीने एका दमात 'कबड्डी कबड्डी' म्हणत राहायचं. समोरच्यांनी तिला धरून ठेवायचं, दम तुटेपर्यंत. पण त्याआधी तिचं एक बोट जरी मधल्या रेषेला टेकलं, तर तिला धरणाऱ्या सगळ्या बाद. म्हणून पकडलेली मुलगी सुटायचा प्रयत्न करत नाही. ती हात लांब करते. बाकीचं शरीर मागच्यांना देऊन टाकते आणि एक हात पुढे पाठवते.

मी आत गेले. प्रणालीने घोटा धरला, नेहमीप्रमाणे. डावीकडून हात धरलेल्या दोघींची साखळी आली, बरगडीत गुडघा बसला, मी तोंडावर पडले. चारजणी अंगावर. माझ्या पाठीत कुणाचं तरी कोपर, केस कुणाच्या तरी मुठीत. मी कबड्डी कबड्डी म्हणत होते, पण माती तोंडात होती, त्यामुळे ते गुदमरणाऱ्या माणसासारखं ऐकू येत असणार. रेषा वीतभर पुढे होती. मी सरपटले. हात लांब केला. बोटं पसरली. आणि मान वर केली, तर पाण्याच्या नळाजवळ बाबा उभे, ऑफिसची बॅग खांद्याला. आमची नजर भेटली.

त्यांना दिसली ती चार मुलींखाली चिरडलेली त्यांची मुलगी. रक्त आलेला ओठ. आणि त्यांच्याकडे पसरलेला हात.

बाबा धावले. नकाशातली एक रेषा कधी न ओलांडलेला माणूस मधल्या रेषेवर पाय देऊन आला, त्याने माझा तो हात धरला आणि खेचला. प्रणालीने घोटा सोडला नाही. तिला सोडणं शिकवलंच नव्हतं. बाबांनी तिची वेणी धरली. पूर्ण ताकदीने धरली, आणि तिला बाजूला फेकली. मैदानाच्या कडेला विटा लावल्या होत्या, तिरक्या, बागेत लावतात तशा. प्रणालीचं तोंड त्या विटेवर आपटलं.

तो आवाज पोत्यासारखा नव्हता.

प्रणालीचा भाऊ आणि त्याचे मित्र कट्ट्यावर बसलेले असायचे. ते कधी उडी मारून आले ते मला कळलं नाही. चष्मा आधी गेला. मग बाबा गुडघ्यांवर. मग त्यांचं डोकं खाली, हात डोक्यावर, आणि पाठीवर, मानेवर, भुवईवर बुक्के. "बाईमाणसावर हात टाकतोस? बाईमाणसावर?" आणि दर शब्दाला एक लाथ. आम्ही दहा संध्याकाळी चाळलेल्या मातीत बाबांचं रक्त पडत होतं आणि सातविणीची फुलं त्याला चिकटत होती. चालणारी मंडळी थांबली होती. कुणीतरी मोबाइल वर धरला होता. मी त्या पोरांच्या अंगावर पडले, जशी पकडीला पडते तशी, आणि एकाच्या दंडाला चावले. मला ती चव आठवते.

सुलभाताईंची शिट्टी वाजत होती. वाजतच राहिली. अखेर त्यांनी शिट्टी फेकून दिली आणि अशी एक शिवी हासडली, की पोरं हात वर केलेली तशीच थांबली.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाला कुलूप होतं. दुरुस्तीसाठी बंद, असा फलक. चालणारी मंडळी म्हणाली, बरं झालं, बाग बागेसारखी असावी. मग साथ आली आणि सगळ्याच बागांना कुलपं लागली. मग आत पर्जन्यजल वाहिनीचे पाइप आणून ठेवले, त्यांवर कुत्री झोपू लागली. मधे एकदा कंत्राटदाराची माणसं आली आणि वासाच्या तक्रारी आहेत म्हणून सातविण अर्धी कापून गेली. करवतीचा आवाज दिवसभर घरात येत होता. तिच्या खोडातून पांढरा चीक वाहतो, दुधासारखा. तो फुटपाथवर आला, त्यावरून रिक्षा गेल्या.

बाबा बागेच्या बाजूने जाणं टाळायला लागले. वळसा घालून मागच्या रस्त्याने स्टेशनला जायचे. प्रणालीच्या घरी ते आईबरोबर गेले होते. दातांचं सगळं त्यांनी केलं, पण तिच्या वडिलांनी त्यांना पाणी विचारलं नाही, एवढंच ते सांगायचे. कुणी कुणावर तक्रार केली नाही. मला त्यांनी कधी कबड्डी सोड म्हटलं नाही. जागाच नव्हती, त्यामुळे सोडायला काही उरलं नव्हतं. मी कॉलेजला गेले, नोकरीला लागले, माझे वळ उतरले. फक्त कधीतरी झोपेत माझा उजवा हात लांब होतो आणि पलंगाच्या कडेला आपटतो. बोटं पसरलेली.

रात्री आई एकदा म्हणाली होती, बाबाही झोपेत हात मारतात. मूठ वळलेली.

*

सूचना आली त्या रविवारी सुलभाताईंचा फोन आला. गुडघ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर त्या काठी घेऊन चालतात, पण आवाज तोच. उद्यान खात्याच्या साहेबांना त्या भेटून आल्या होत्या. माती एका मोसमापुरती. एक तक्रार आली, एक भांडण झालं, की तिथे पेव्हर ब्लॉक. "कंत्राटदारान माती टाकलीहा. माती खंयची, निम्मो राडारोडो. चाळणी घेवन ये."

"येते."

"आणि बापाशीक घेवन ये."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"तो रेषेच्या भायर बसतलो. सगळ्यांनी बघूक होया."

मी बाबांना सांगितलं. "मी परत उठलो तर?" त्यांनी विचारलं. "माझ्यामुळे एकदा कुलूप लागलंय." मला धीर देता येत नाही, ते माझ्यात नाही. त्यांनी उठून पंखा बंद केला, मग परत लावला, आणि स्वयंपाकघरात जाऊन आईची गव्हाची चाळणी घेऊन आले.

बाग चकचकीत झाली आहे. निळा-पिवळा रंग दिलेली व्यायामाची यंत्रं, कारंजं, फुले तोडू नका. त्या सगळ्याच्या कडेला मैदान, नव्याने जखम केल्यासारखं लाल. आणि अर्ध्या कापलेल्या सातविणीने उरलेल्या फांद्यांवर एवढी फुलं काढली होती, की चालणारे नाकाला रुमाल लावून जात होते. आमच्यातल्या जुन्या सहा-सात जणी आल्या होत्या, बाकी नव्या मुली, बारा-तेरा वर्षांच्या. एकीने मला मावशी म्हटलं.

प्रणाली उशिरा आली. आता विमानतळावर सामानाच्या विभागात आहे, सांताक्रूझहून सरळ ड्यूटी संपवून आलेली. तिने माझ्याकडे बघून नुसती भुवई उडवली आणि कडेला माती चाळत बसलेल्या बाबांच्या शेजारी उकिडवी बसली. बाबांचा हात थांबला. त्यांच्या बोटाला काच लागली होती, रक्त चाळणीच्या कडेला आलं होतं.

"काका, काचेला हात घालतात का. हलवायची चाळणी."

"तुझे दात..." बाबा म्हणाले.

"हे? वरचे दोन तुमचे. बाकीचे माझे." ती हसली तेव्हा ते दोन जरा जास्तच पांढरे दिसले. मग तिने हसू आवरलं. "भावाला आणलं नाय मी आज. तुम्ही पण तुमच्या हातांना घरी ठेवून आला असता तर बरं झालं असतं."

"हो," बाबा म्हणाले.

"विटा काढायला सांगितल्यात मी," ती म्हणाली, आणि त्यांची चाळणी ओढून घेऊन चाळायला लागली.

*

उद्घाटन वगैरे झालं नाही. दुसऱ्या रविवारी रेषा आखल्या. बाबांनी दोरी धरली, त्यामुळे त्या खरंच सरळ आल्या. चालणारी मंडळी जाळीपलीकडे जमली. ग्रुपवर हसरा चेहरा टाकणारा तो माणूस मोबाइल हातात घेऊन तयार होता. सुलभाताईंनी नव्या मुलींना बाजूला बसवलं. "आधी ह्यांची एक चढाई बाकी आसा," त्या म्हणाल्या, आणि मला मानेने खूण केली.

मी मातीला हात लावला, कपाळाला लावला, रेषा ओलांडली. कबड्डी कबड्डी कबड्डी. माझा दम पूर्वीइतका राहिलेला नाही. प्रणाली कोपऱ्यात गुडघे वाकवून उभी होती आणि तिच्या डोळ्यांत दया नव्हती. त्याबद्दल मी तिची जन्मभर ऋणी राहीन. तिने घोटा धरला. साखळी आली. डाव्या बरगडीत, अगदी त्याच जागी, कुणाचा तरी गुडघा बसला आणि आत काहीतरी कट्कन वाजलं. मी तोंडावर आपटले. चारजणी अंगावर. दातांत माती, ओठातून रक्त, फुलांचा तो जाड वास नाकातोंडात. प्रणाली माझा पाय मुळासकट उपटल्यासारखा मागे खेचत होती. दम संपत आला होता. आवाज मलाच रडण्यासारखा ऐकू येत होता.

मी मान वर केली.

बाबा रेषेबाहेर बसले होते. अर्धे उठले. एक गुडघा जमिनीवर, एक पाय पुढे. जाळीपलीकडचा मोबाइल त्यांच्याकडे वळला. त्यांची मूठ वळली. ती मूठ त्यांनी खाली नेली, मातीत खुपसली, मनगटापर्यंत, आणि तशीच दाबून धरली. ते माझ्याकडे बघत होते, आणि बसले.

मी हात लांब केला. बोटं पसरली. तो हात कुणी धरला नाही. तो रेषेवर पडला.